कापून ठेवलेल्या पंखाबाबत

नाव: धोंडीबा मुंजाजी गडदे. वय: ७६ वर्षे. व्यवसाय: पूर्वी मेंढपाळ, हल्ली घरीच. शिक्षण: चौथी पास. राहणार: जिनिंगच्या पाठीमागील गल्ली, सेलू, जिल्हा परभणी.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी चालत येऊन हजर झालो आहे. मला आणण्यासाठी शिपाई पाठवावा लागला नाही, ही नोंद प्रथम घ्यावी. माझे शेजारी श्री. नागेश व्यंकटराव सोनटक्के यांनी माझ्याविरुद्ध दिलेला अर्ज जमादार साहेब मला वाचून दाखवत होते. तो मी त्यांच्याकडून मागून घेतला व स्वतः वाचला. त्यावर विचारणा झाल्यावरून समक्ष सांगतो की,

वरील ठिकाणी मी, माझी पत्नी कासाबाई व मुलगा हरिओम असे राहतो. नागेश व त्यांची पत्नी भक्ती हे आमच्या घराला लागून राहतात. मधली भिंत एकच आहे. त्यांच्या घरी एका पिंजऱ्यात पाच पाखरे व काचेच्या पेटीत मासे होते. पाखरांना ते लव्ह बर्ड म्हणतात. मागील वर्षापासून आमचे व त्यांचे बोलणे नाही. माझ्या दोन शेळ्यांचा वास येतो, असा अर्ज त्यांनी नगरपरिषदेत दिला होता. शेळ्या मी पेडगावच्या पाहुण्यांना देऊन टाकल्या. त्याबाबत माझी काही तक्रार नाही.

कासाबाई यांचे खुब्याचे हाड मोडल्यापासून त्या बाजेवर असतात. त्यांची बाज मधल्या भिंतीला लागून आहे. खिडकीजवळ वारा येतो म्हणून हरिओमने बाज दोनदा तिकडे हलवली. दोन्ही वेळा त्यांनी ती परत भिंतीजवळ आणवली.

या मे महिन्यात नागेश व भक्ती हे लग्नाकरिता लातूरला गेले. चार दिवसांत येणार होते, ते आले नाहीत. भक्ती यांच्या वडिलांची प्रकृती बिघडल्याने त्यांना थांबावे लागले, हे मला नंतर कळले. बुधवारी दुपारी जेवण करून मी बसलो असता कासाबाई म्हणाल्या, "आवं, भिंतीपल्याड समदं गप झालंय. कालपसून दोनच पाखरं बोलायलीत."

मी म्हणालो, ऊन आहे, झोपली असतील.

त्यावर त्या म्हणाल्या, "मेंढरांच्या वाड्यात एक कोकरू खोकलं तर तुमी उठून बसायचे. आता शेजाऱ्याचं हाय म्हणून झोपलं व्हय?"

मी त्यांच्या मागच्या खिडकीतून आत पाहिले. त्यांच्या घरावर पत्रे आहेत. पिंजऱ्यातील वाटी कोरडी होती. मी हरिओमच्या फोनवरून नागेश यांना कळवले. ते म्हणाले, "काका, आमी दाणा-पाणी ठिवून आलोत. परवा येलोत. तुमी आमच्या घरात नाक खुपसू नका." पाणी आटले आहे, असे मी सांगत असताना त्यांनी फोन बंद केला. या फोनचा उल्लेख त्यांच्या अर्जात नाही.

त्यानंतर मी त्यांच्या दाराचे कुलूप पहारीने तोडले. गल्लीतील माणसे दारात उभी असताना, भर दुपारी तोडले. येथे जमादार साहेबांनी "कबूल करतो" असा शब्द घातला होता, तो मी काढण्यास लावला आहे. गुन्हा कबूल करतात. मी तोडले आहे, असे सांगतो.

आत चार पाखरे पिंजऱ्याच्या बुडाशी चोची उघड्या टाकून बसलेली होती. एक पाखरू मयत होते. जाताना त्यांनी विजेचे मुख्य बटण बंद केले असल्याने माशांच्या पेटीतील यंत्र बंद होते. मासे वर तरंगत होते, त्यांपैकी एक जिवंत होता. मी पिंजरा घेतला व मासा बादलीत घेतला. टीव्ही, कपाट व देवघर यांना हात लावला नाही. निघताना दाराला माझ्या घरचे कुलूप लावले. ते त्यांच्या कुलपापेक्षा चांगले आहे.

पाखरांचे मला ज्ञान नाही. आमच्या घराण्यात कोणी पाखरू पाळलेले नाही. आईविना राहिलेल्या कोकराला कापसाच्या बोळ्याने दूध पाजतात, तसे मी एकेकाला चोचीशी बोळा धरून पाणी पाजले व पिंजऱ्यावर ओले बारदान टाकले. हे बरोबर की चूक, ते डॉक्टरांना विचारावे. चारही पाखरे जगली आहेत. मासा प्लास्टिकच्या टबात ठेवला. भाकरीचा चुरा त्याने खाल्ला नाही, कणीक खाल्ली. मी टबाजवळ बसलो असता कासाबाई म्हणाल्या, "तीनशे मेंढरं राखलेला माणूस आता एक मासा राखायलाय. बसा, बसा. उठलात की पळून जायचा."

आता पंखाबाबत. अर्जात असे लिहिले आहे की, मी एक पाखरू मारले, त्याचा पंख छाटला व तो भक्ती यांच्या हातात देऊन दहशत घातली. यातील पंख कापला व हातात दिला, एवढे खरे आहे.

आम्ही मेंढरे घेऊन बाहेर पडत असू, तेव्हा गावातील लोक आपली दोन-चार मेंढरे आमच्या कळपात सोपवत. त्यांपैकी एखादे वाटेत मेले तर मेंढका त्याचा मालकाची खूण केलेला कान कापून मिठात व राखेत ठेवतो. परत आल्यावर मालकाच्या हातात आधी कान द्यायचा. तो दिल्याशिवाय त्याच्या घरचे पाणी प्यायचे नाही. कान नसेल, तर मेंढक्याने मेंढरू विकले किंवा खाल्ले असे धरतात. आमच्या वडिलांनी असे कान दिले व मीही दिले आहेत. आमच्या घराण्यावर कोणी बोट ठेवलेले नाही.

पाखराला हातात धरण्याजोगा कान नसतो, म्हणून मी मयत पाखराचा उजवा पंख घेतला. लोकर कातरण्याच्या कातरीने तो कापला, मीठ लावले व स्वच्छ फडक्यात बांधून ठेवला. उरलेले मयत पाखरू पुरले. शुक्रवारी सायंकाळी नागेश व भक्ती रिक्षातून उतरले. ते घरात जाण्यापूर्वी मी पुढे होऊन भक्ती यांच्या हातात ते फडके दिले व म्हणालो, "हे तुमचे. चार जिवंत आहेत, एक हे."

भक्ती यांनी फडक्याची गाठ सोडून पाहिले व त्या ओट्यावर बसल्या. नागेश म्हणाले, "म्हाताऱ्या, पंख छाटून हातात देतूस? धमकी देतूस का?" माझ्या वयाचा मान त्यांनी राखला नाही. मी कुलपाची किल्ली ओट्यावर ठेवली. फडके भक्ती यांच्या हातून खाली पडले होते, ते मी उचलून घरी नेले.

घरी आल्यावर कासाबाई म्हणाल्या, "आवं, ती पोरगी मेंढक्याची लेक हाय का? कान काय न् पंख काय, तिला काय कळतंय? तोंडानं सांगायचं हुतं."

मी सांगितले की, तोंडाने कोणीही सांगतो. माझे अजूनही तेच म्हणणे आहे. पंख दिला नसता तर एक पाखरू विकून खाल्ले म्हणून अर्ज आला असता.

पाखरे व मासा ठाण्यात आणून जमा करावेत, असे मला सांगण्यात आले आहे. मी आणणार नाही. ठाण्यात चोरीचा माल जमा करतात. पाखरे माझ्या घरी कासाबाई यांच्या बाजेजवळ आहेत. मालकाने दारात यावे, आपली जनावरे पाहावीत व घेऊन जावीत. मी अडवलेले नाही व अडवणारही नाही. पिंजऱ्याची वाटी लहान होती, मी मोठी बसवली आहे, तीही न्यावी.

मी माफीनामा लिहून द्यावा, म्हणजे समज देऊन प्रकरण मिटवता येईल, असे जमादार साहेब म्हणाले. ते भले गृहस्थ आहेत. परंतु मला समज नको आहे. मी चोर असेन तर गुन्हा दाखल करावा. नसेन तर नाही असे लिहावे. या दोहोंच्या मधले काही लिहून त्यावर माझी सही मागू नये. पुन्हा असे करणार का, असेही विचारण्यात आले. भिंतीपलीकडे पुन्हा पाखरे गप झाली, तर पुन्हा तोडीन.

सदर जबाब चालू असताना नागेश व भक्ती हे ठाण्यात बसलेले होते. मी फडके टेबलावर ठेवले असता भक्ती उठून आल्या व त्यांनी स्वतःच्या हाताने त्याची गाठ सोडली. पंख उलटा करून पाहिला. त्या म्हणाल्या, "ही चंदा. निळ्या दोघी होत्या, पण पंखाखाली पांढरं हिचंच होतं."

पाखरांना नावे असतात हे मला माहीत नव्हते.

त्यांनी विचारले, "काका, बाकी तिला कुठं ठेवलंत?"

मी सांगितले की, आमच्या अंगणात, मधल्या भिंतीच्या बुडाशी पुरली आहे. मांजर उकरू नये म्हणून वर दगड ठेवला आहे.

त्यांनी विचारले, "राहिलेली बोलायलीत का?"

मी सांगितले की, सकाळी कासाबाई यांना झोपू देत नाहीत इतकी बोलतात. त्यांची तक्रार नाही.

नागेश म्हणाले, "भक्ती, चल घरी." भक्ती यांनी पंख फडक्यात बांधला व तो आपल्या पिशवीत ठेवला. "तुम्ही व्हा पुढं. मी काकांसोबत येते, पिंजरा घ्यायला," असे म्हणून त्या बाकावर बसल्या. जबाब पूर्ण होईपर्यंत त्या बसून आहेत.

माफीनाम्याचा कागद मी कोरा परत केला आहे. वरील सर्व मजकूर मी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून स्वतः वाचला. कोणी वाचून दाखवण्याची गरज पडली नाही. तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला गेला आहे व त्यातून मला काही मागे घ्यायचे नाही. अंगठा उठवलेला नाही, सही केली आहे.

दुरुस्ती एकच. वर जेथे जेथे "मयत पाखरू" असे लिहिले आहे, तेथे "चंदा" असे वाचावे.

(सही) धोंडीबा मुंजाजी गडदे