खिडकीआडचे मणी

(कुरुंदा. भर दुपार. घरामागची पत्र्याची खोली, कोपऱ्यात लहानशी भट्टी. सून साधना मणी करत बसलीय. सासू शालूबाई नुकतीच बाजारातून आलीय.)

शालूबाई : खिडकी काहून उघडी ठेवली?

साधना : जीव गुदमरून राहिला, आत्याबाई. आत भट्टीची धग, वरून पत्रे तापलेले.

शालूबाई : कोणी बघितलं म्हंजे?

साधना : बघू द्या की. काच वितळवून मणी करून राहिले, चोरी न्हाई करून राहिले. तुमी अशा घाबऱ्या काहून झाल्या? बाळापूरच्या बाजारात काय झालं?

शालूबाई : हिंगोलीच्या त्या बाई भेटल्या, बायकांना कामं शिकवतेत त्या. माझ्यासंग आलेल्या जनकाबाईच्या मंगळसूत्रातले काळे मणी हातात घेऊन बघत बसल्या. हे करणारी कोण म्हणल्या. जनकाबाईनं माझ्याकडं बोट दाखवलं.

साधना : मग?

शालूबाई : सोमवारी हिंगोलीला या म्हणल्या. बायकांपुढं बसून करून दाखवा.

साधना : आन तुमी?

शालूबाई : व्हय म्हणले. न्हाई कशी म्हणू? आजवर समद्यांना मीच करते म्हणून सांगितलं.

साधना : तुमाला तार बी बराबर धरता येत न्हाई. मी येते. मीच करून दाखवते.

शालूबाई : आन कुकू नसलेली बाई मंगळसूत्राचे मणी करते, हे कळल्यावर? गावातल्या निम्म्या नव्या सुनांच्या गळ्यात तुझे मणी हायेत. उद्या एखादीचा नवरा नुसता तापानं पडला, तरी समद्या आपल्या दारात येतील.

साधना : तुमच्या गळ्यात बी माझेच हायेत. मामाजी तर सकाळीच हळदीत पाणी द्यायला गेले, चांगले धडधाकट.

शालूबाई : मला कळतं ते. गावाला कोणी सांगावं?

साधना : ह्यांनी हैदराबादेच्या कारखान्यातून शिकून येऊन मला शिकवलं. ते गेले तवा माझ्या हिरव्या बांगड्या फोडल्या, त्यांच्या काचेचा बी मणी केला मी ह्याच भट्टीत. त्यांनी शिकवलेलं हे काम येवढंच माझ्यापाशी उरलं, आन ते बी तुमच्या नावानं जगात जातं. मला एकदा तरी ह्या खोलीच्या बाहेर बसून मणी करायचाय.

शालूबाई : भारत माझं बी लेकरू व्हतं, पोरी. मला का ह्यात आनंद हाय? तोंडातून एकदा गेलं, आता मी बी अडकले. सोमवारच्या आत शिकव मला. येवढी तकलीफ घे.

साधना : बसा. तारेला माती लावलीय, म्हणून मणी सुटतो. काच नरम झाली की तारेवर गुंडाळायची. फिरवत ऱ्हावा, थांबू नका.

शालूबाई : वाकडा झाला गं.

साधना : पहिला तसाच व्हतो. माझा बघून हे लई हसले व्हते. आता गरम राखेत दाबून ठेवा. लगेच बाहेर काढला की तडकतो.

शालूबाई : दुसरा बी करून बघते. दे तार.

साधना : आत्याबाई, तुमाला जमायला लागल्यावर माझं काय?

शालूबाई : आधी ती खिडकी लाव. बाहेरून तुझे हात दिसतेत.