लाल दिव्यावर पडलेलं कापड

ज्यांच्या व्हायोलिननं आमच्या पिढीला ऐकायला शिकवलं त्या आजच्या अध्यक्ष बाई, याच क्लासच्या बाकावरून उठून आज चित्रपटांचं ध्वनिमुद्रण करणारे प्रमुख पाहुणे, आमचे सर, नवे कपडे घालून पहिल्या रांगेत अवघडून बसलेली ही कॉलेजला निघालेली मुलं, आणि हसावं की डोळे पुसावेत हे अजून न ठरवलेल्या माझ्यासारख्या पालकहो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

पालकांच्या वतीनं दोन शब्द बोला, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, मी शिवणकाम करणारी बाई. दिवसभर माझ्या तोंडात टाचण्या असतात, तिथं शब्द कुठून येणार?" सर म्हणाले, "म्हणूनच तुम्ही थोडक्यात आटोपाल." विश्वास ठेवला बिचाऱ्यांनी.

आधी आभार मानते, कारण ते खरे आहेत. संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण शिकायला कॉलेजं असतात, हेच मला ठाऊक नव्हतं. माझी मुलगी, जिला घरीदारी सगळे बारकी म्हणतात, तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं, "म्हणजे गाणं शिकणार?" "नाही गं आई, गाणं करायला शिकणार." मी म्हटलं, "आणि गाणार कोण?" तिनं कपाळावर हात मारला. सरांनी तिच्याकडून अर्ज भरून घेतले, आपण हे का शिकू पाहतो ते लिहून घेतलं, मुलाखतीची तयारी करून घेतली. घरी मी मुलाखत घेणारी प्राध्यापक व्हायची. चष्मा नाकावर ओढून विचारायची, "तुमच्या रचनेत विशेष ते काय?" ती म्हणायची, "आई, तू हसतेस. ते हसत नाहीत."

ते खरंच हसले नाहीत. पहिल्या कॉलेजनं नाही म्हटलं. कळवलं की तंत्र चांगलं आहे, पण या रचना कोणीही केल्या असत्या. बारकी सबंध दिवस पांघरूण घेऊन पडून राहिली. तेव्हा सर तिला म्हणाले, "घरातलं काहीतरी आण. जे फक्त तुझ्याच घरात वाजतं."

आमच्या घरात काय वाजतं? माझं शिलाई मशीन. तिनं विचारलं, "आई, मशीनचा आवाज घेऊ?" मी म्हटलं, "घे बाई, मशीनच्या बापाचं काय जातंय." मग कात्रीचा आवाज झाला, बटणांचा डबा हलवून झाला, कापड टर्रकन फाडून झालं. मला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं ज्या मशीनला ती "डोकेदुखी" म्हणायची, त्याच्याशेजारी ती माइक लावून हात जोडून बसली होती.

आता सरांच्या क्लासचा एक नियम आहे. मुलांना तो पाठ आहे, पालकांसाठी सांगते. वाजवणं संपलं तरी यंत्र लगेच बंद करायचं नाही. मागे थोडं शेपूट ठेवायचं. शेवटचा सूर खोलीत विरून जातो, तोही घ्यायचा. आम्हीसुद्धा कपडा बेतताना शिवणीच्या आत थोडं कापड राखतो, तसंच. चांगला नियम आहे.

तर त्या दुपारी बारकी आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसली होती. बाहेर माझ्याजवळ माइक आणि आवाज टिपणारं छोटं यंत्र, त्याची वायर आत तिच्या हेडफोनला. मी ब्लाऊज संपवला, मशीन थांबवलं, आणि उरलेलं अस्तर बाजूला टाकलं. ते नेमकं यंत्र चालू असल्याचं दाखवणाऱ्या लाल दिव्यावर पडलं. मला वाटलं, काम झालं. तेवढ्यात माझ्या ताईचा फोन आला.

ताई नेहमीसारखी म्हणाली, "काय म्हणते तुझी राजकन्या? जायची तयारी ना?" मी म्हटलं, "हो गं, जाईल की. जायलाच हवं." ताई म्हणाली, "आणि तू?"

बस. एवढंच विचारलं तिनं. बारकीचे बाबा गेल्यापासून हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तिचे बाबा गेले तेव्हा ती लहान होती. मला रडायचं असलं की मी मशीन चालू करायची. दोरा नसला तरी चालू करायची. पोरीला वाटायचं, आईला कामं फार. त्या दुपारी मशीन थांबलेलं होतं आणि ताईनं विचारलं, तेव्हा मात्र माझा बांध फुटला. मी म्हटलं, "ताई, मी तिला जा जा म्हणते, पण मला भीती वाटते गं. ती गेल्यावर मी घरात कोणासाठी दिवा लावू?" आणखीही बरंच बोलले. ते सगळं इथं पुन्हा सांगत नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते ऐकलेलं आहे.

होय. मागच्या आठवड्यात सरांनी पालकांना मुलांच्या रचना ऐकवायला बोलावलं, तेव्हा या हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत मी बसले होते. दुसऱ्या कॉलेजनं ज्या रचनेवर बारकीला घेतलं, ती मी तोवर ऐकलेली नव्हती. विचारलं की म्हणायची, "तुला नाही आवडणार, नुसता खडखडाट आहे." सुरुवातीला मशीन वाजलं. मी शेजारच्या बाईंना कोपरानं ढोसून सांगितलंसुद्धा, "माझं मशीन!" मग मशीन हळूहळू लहान होत गेलं, आणि त्याच्या खालून मी वर आले. मी, माझं नाक ओढणं, माझं "ताई".

जे मी वर्षानुवर्षं मशीनच्या आवाजाखाली झाकलं, ते माझ्या लेकीनं मशीनचा आवाज कमी करून सगळ्यांना दाखवलं.

शेजारच्या बाई डोळे पुसत मला विचारत होत्या, "कोण हो ही? किती खरं रडलीय!" मी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते ना. बारकी आपल्या बुटांकडे बघत होती. क्लासमधल्या सगळ्या मुलांना माहीत होतं. सरांना माहीत होतं. तिला घेणाऱ्या दुसऱ्या कॉलेजच्या प्राध्यापकांनाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त रडणारीला.

घरी गेल्यावर मी एकच विचारलं, "हे तू नंतर ऐकलंस, की तेव्हाच?"

"तेव्हाच."

"मग बाहेर का आली नाहीस?"

ती म्हणाली, "आले असते तर तू थांबली असतीस."

अध्यक्ष बाई, तुम्ही कलावंत आहात, तुम्हाला हे उत्तर कदाचित पटेल. मीही त्यावर पुष्कळ विचार केला. बरोबर आहे, थांबलेच असते. पण आईनं रडायचं थांबावं म्हणूनच तर लेकीनं उठून यायचं असतं ना? मध्ये एक भिंत होती फक्त. माझं रडणं तिच्या कानात पडत होतं, आणि तिचा हात दाराच्या कडीकडे न जाता आवाजाच्या बटणाकडे गेला.

सरांना मी विचारलं. ते म्हणाले, "अहो, कलेत असं चालतं." चालत असेल. शिवणकामात चालत नाही. बायका माझ्याकडे माप देतात. कोणाची कंबर किती आणि कोणाचा एक खांदा उतरलेला, हे सगळं मला ठाऊक असतं. ते मी चौकात सांगत नाही. हात वर करून समोर उभं राहिलेलं माणूस विश्वासानं उभं असतं. मला तर हात वर करायलाही कोणी सांगितलं नव्हतं.

आत्ता माझ्या आधी सरांनी इथून जाहीर केलं की बारकीची रचना कॉलेज आपल्या स्वागताच्या कार्यक्रमात वाजवणार आहे, फक्त ज्यांचा आवाज आहे त्यांचा होकार हवा, आणि "तो आई आज इथंच देतील." तुम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या आधी झाल्या, उत्तर मागून आलं, असं होतंय खरं. भरल्या हॉलमध्ये बाई नाही म्हणणार नाही, असा हिशेब असावा. त्यात तुमची चूक नाही, आजवर मी कधी म्हटलेलंच नाही.

माझं उत्तर नाही असं आहे.

बारके, मान वर कर. तुझा प्रवेश तुझा आहे, त्याला कोणी हात लावणार नाही. रचना चांगली आहे, हेही सांगते. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, आणि तो फक्त रागाचा नव्हता. म्हणून तर जास्त लागलं. मशीनचा आवाज घेऊन जा, कात्रीचा ने, बटणांच्या डब्याचा ने. पण ती दुपार माझी आहे, ती परत दे. तिथं नवं काहीतरी कर. माझा आवाज हवा असला तर माग. केस विंचरून माइकसमोर येऊन बसेन, सांगशील ते बोलेन. कदाचित रडेनसुद्धा. पण मला सांगून.

उद्या ती निघणार. बॅगेतले कपडे मीच शिवलेत, शिवणींच्या आत कापड राखून. वाढली तर उसवून मोठे करता येतील.

सर, तुम्ही पोरीला वाट दाखवलीत, ते मी विसरणार नाही. आणि आजचं हेही विसरणार नाही. दोन्ही बरोबरच राहील. अध्यक्ष बाईंनी आणि पाहुण्यांनी ऐकून घेतलं, तुम्ही सगळे चुळबुळ न करता बसलात, तुमचे मनापासून आभार. आनंदाच्या कार्यक्रमात माझ्याकडून कडू शब्द गेला असेल, तर घरचीच बाई समजून तो पोटात घाला.

माझं बोलणं संपलं. पण या माइकखाली लाल दिवा अजून लागलेला दिसतोय मला. सर, आज शेपूट नको. बंद करा. मी थांबते.

तो विझला की मी खाली येणार आहे. बारकीला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती फक्त तिनं ऐकायची आहे.