चार्जिंगच्या खांबाजवळची फुटलेली काच

नाव : नेलिदा बेन्तान्कोर. वय : ६१ वर्षे. धंदा : चौकात वर्तमानपत्रे व थंड पेयांची टपरी. राहणार : तरारिरास, जिल्हा कोलोनिया, उरुग्वे.

विचारल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की, माझ्या टपरीसमोर विजेच्या गाड्या चार्ज करण्याचा खांब आहे. तो सावकाश चालतो, गाडी भरायला तीन-चार तास लागतात. आज सकाळी ९.५० वाजता गुरांचे निवृत्त डॉक्टर आन्सेल्मो मालान, वय ७४, यांनी तेथे गाडी लावली. वायर जोडून, काचा बंद करून ते आत बसले.

दुपारी १.१५ वाजता खांबावरचा दिवा हिरवा झाला. १.२० वाजता टॅक्सीवाला विल्मार ओलिवेरा आला. त्याच्या गाडीत चार टक्केच चार्ज उरला होता. त्याने हॉर्न वाजवला. "हे आजोबा काय इथे मुक्कामाला आलेत?"

मी म्हणाले, "झोपू दे रे म्हाताऱ्याला. दहा मिनिटांत काही तुझं लग्न चुकत नाही."

"तुम्ही आता अंगाईच म्हणा, नेलिदाबाई!" असे म्हणून तो थांबला. मी सांगितले म्हणून थांबला. हे लिहून घ्यावे.

१.३० वाजता मी जवळ जाऊन पाहिले. ‘माते’ या कडू चहाचा पेला कलंडून डॉक्टरांचा सदरा भिजला होता, तरी ते हलले नव्हते. दारे आतून बंद होती. विल्मारने कोपराने काच फोडायचा प्रयत्न केला, त्यात त्याचा हात सोलवटला. काच मी फोडली. वर्तमानपत्रांवर ठेवतो त्या लोखंडी वजनाने, तीन घावांत. काच फोडल्याचे विल्मारने स्वतःच्या अंगावर घेतले असल्यास ते खरे नाही.

१.४१ वाजता रुग्णवाहिका आली. नर्स म्हणाली, रक्तातली साखर फार उतरली आहे. मी डॉक्टरांसोबत गेले. काच फुटलेली, म्हणून विल्मारला गाडी राखायला बसवले.

वडील जेवायला आले नाहीत म्हणून त्यांची मुलगी मिरेया शोधत चौकात आली. वडील नाहीत, काच फुटलेली, आत रक्ताळल्या हाताचा परका माणूस. तिने पोलिसांना बोलावले. विल्मार सांगत होता, पण तिला तेव्हा काही ऐकू येण्यासारखे नव्हते. पोलिसांनी त्याला इथे ठाण्यात आणले. तिच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही.

हे कळून मी दवाखान्यातून ठाण्यात पोहोचले, तोच ४.२० वाजता तिथून फोन आला. डॉक्टर शुद्धीवर आले होते. ते मिरेयाला म्हणाले, "हॉर्न ऐकू येत होता गं. डोळा तेवढा उघडेना." मिरेया इथल्या बाकावर विल्मारच्या गळ्यात पडून रडली. तो म्हणाला, "पुरे हो ताई, सोलवटलेला हात हाच आहे!" तिने तक्रार मागे घेतली आहे. त्याला घरी जाऊ द्यावे.

जबाब लिहून झाल्यावर हवालदारांनी मोठ्याने वाचला. मधेच दवाखान्याचा पुन्हा फोन आला, डॉक्टर सूप नको म्हणतात, भाजलेले मांस मागतात. सगळे हसल्यामुळे शेवटचा परिच्छेद परत वाचून घेतला. मी सांगितले तसेच लिहिले आहे, म्हणून खाली सही करते.