विथ दीज वर्ड्स

अगं, माझ्या इंग्रजी भाषणाचं सांगितलं का तुला? मिसनी बजावलं होतं, "शेवटी फिनिश, ओव्हर असलं काही नको. 'विथ दीज वर्ड्स, आय कन्क्लूड' म्हणायचं."

घरी मी ते वाक्य इतकं घोटलं की शेवटची पोळी तव्यावरून उतरवताना आईच म्हणाली, "विथ दीज पोळ्या, आय कन्क्लूड!"

स्पर्धेत स्टेजवर गेले, "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि समोर अख्खी शाळा बघून पुढचं सगळं भाषण विसरले. आठवत होतं फक्त तेच शेवटचं वाक्य. मग तेच खणखणीत आवाजात म्हणून टाकलं.

मिसनी हळूच विचारलं, "अगं, पण कुठले वर्ड्स?"

मी मान खाली घालून म्हटलं, "मिस, गुड आणि मॉर्निंग."