चौदा नंबरची पारख

चष्मेवाला: ...आणि इथे थांबायचं. ‘व्यवस्थापनाला खेळाडू ओळखता येत नाही’ हे वाक्य झालं की पेला उचलायचा, घोटभर पाणी प्यायचं. तेवढ्यात त्यांना ते लागू दे.

निरीक्षक: मी थांबलो की त्यांना वाटेल, म्हातारा विसरला.

चष्मेवाला: विसरशीलच. म्हणून तर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. बघ, समोरच्या डोळे तपासायच्या तक्त्यावरच्या सगळ्यात वरच्या ओळीएवढं.

निरीक्षक: अरे, दहा मिनिटं मिळालीयत. बावीस वर्षं दर मोसमाला अर्ज केला, ‘फुटबॉल संघाच्या निवडीच्या बैठकीत समर्थकांना एक खुर्ची द्या.’ बावीस वर्षांनी खुर्ची दिली, तीसुद्धा दहा मिनिटांपुरती. त्यात पाणी पीत बसू?

चष्मेवाला: बरं, पुन्हा सुरुवातीपासून. मी अध्यक्ष आहे असं समज.

निरीक्षक: तू अध्यक्षासारखा दिसत नाहीस.

चष्मेवाला: थांब, हा सोनेरी काड्यांचा चष्मा चढवतो. आता?

निरीक्षक: आता बघूनच डोकं फिरलं. छान. तसाच बस. ‘सन्माननीय अध्यक्ष, मी निवृत्त वजनमापे निरीक्षक. चौतीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासले. माप कुठे मारलंय ते मला दारातून कळतं. गेल्या पाच वर्षांत आपण आणलेला प्रत्येक खेळाडू वजनात कमी भरलाय. सहा फूट दोन इंचाचा सेंटर फॉरवर्ड आणलात, तो चेंडू डोक्याकडे आला की मान आत घेतो. आणि जो डावा बचावपटू विकलात, तो आज शेजारच्या संघाचा कप्तान आहे.’

चष्मेवाला: त्याला विकला त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं होतं.

निरीक्षक: तू बायकोबरोबर तिच्या माहेरी गेला होतास.

चष्मेवाला: मनात दुखवटाच होता! वाच पुढे.

निरीक्षक: ‘जुन्या प्रशिक्षकाला काढलंत, नवा येणार सोमवारी. मधले तीन महिने अठरा नवे खेळाडू चाचणीला बोलावलेत. आज संध्याकाळी त्यातल्या एकाशी करार करणार आणि सतरा जणांना घरी पाठवणार. आणि तो एक कोण? तर नऊ नंबर! अध्यक्ष महाराज, नऊ नंबर शिस्तीचा आहे, बाकी काही नाही. वरच्या गॅलरीत बसून आम्ही एकही सराव चुकवला नाही, डोळ्यांत तेल घालून पाहिलंय. या अठरांत सोनं एकच आहे, चौदा नंबर. त्याला सोडलंत, तर...’

सून: बाबा, काका, दार जरा धरता का? गाडीचं चाक उंबऱ्याला अडकलंय.

चष्मेवाला: ये ये, सूनबाई! आण इकडे पिल्लूला. अगं, झोपलीय की ही.

सून: आत्ताच झोपलीय, काका. हळू बोला. बाबा, शर्ट आणलाय. घरी विसरून आलात. इस्त्री केलीय, घडी मोडू नका. कितीला आहे बैठक?

निरीक्षक: साडेपाचला. अजून पाऊण तास आहे. तूही ऐक, आणि सांग कसं वाटतंय. हा नुसता माना डोलावतो.

चष्मेवाला: मी अध्यक्ष आहे. अध्यक्ष माना डोलावतातच.

निरीक्षक: आता पुरावे. वहीतल्या नोंदी, तारीख-वार. ‘मंगळवार. चौदा नंबरने डाव्या पायाने वीस यार्डांवरून गोल मारला. गुरुवार. चौदा नंबरने उजव्या पायाने असा क्रॉस दिला की गोलरक्षक नुसता बघत राहिला. दोन्ही पाय सारखेच सफाईचे! शुक्रवार. उंच उडी मारून हेडर. सोमवार. बुटक्यासारखा दोघांच्या मधून सटकला.’ काय? आहे की नाही?

सून: बुटक्यासारखा?

निरीक्षक: म्हणजे चपळ. कधी उंच वाटतो, कधी ठेंगणा. मैदानावर जसं लागेल तसं अंग वापरतो. अस्सल खेळाडूचं लक्षण आहे ते.

सून: बाबा, हा चौदा नंबर म्हणजे... सरावाच्या त्या बिनबाह्यांच्या बंडीवर छापलेला?

निरीक्षक: मग कुठला? पहिल्या दिवशी यादी लावली होती फाटकावर. एक ते अठरा नंबर, आणि प्रत्येकापुढे नाव. चौदापुढे त्या बेकरीवाल्याच्या पुतण्याचं नाव आहे.

सून: अगंबाई.

चष्मेवाला: काय झालं? शर्टाचं बटण तुटलं?

सून: नाही, काका. बाबा, आता चिडू नका. त्या बंड्या पहिल्या दिवशीच तेवढ्या यादीप्रमाणे वाटल्या. मग त्या धुवायला गेल्या. कपडेवाल्या मावशी त्या मागच्या फाटकाशी दोरीवर वाळत घालतात. पोरं तिथूनच आत येतात आणि जी हाताला लागेल ती ओढून घालतात.

निरीक्षक: जी हाताला लागेल ती?

सून: निळ्यात आहोत की पिवळ्यात, एवढंच बघतात. नंबराकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

निरीक्षक: तुला कुणी सांगितलं हे?

सून: सांगायला कशाला हवं? मी रोज तिथेच बसते ना, मावशींच्या बाकावर.

निरीक्षक: म्हणजे आज ज्यानं चौदा घातली, तो उद्या...

सून: उद्या चारही घालेल. आणि चौदाचं तर विचारूच नका. तिची खांद्याची शिवण उसवलीय, काखेत टोचते. ती कुणालाच नको असते. जो सगळ्यात शेवटी येतो, त्याच्या गळ्यात पडते.

(निरीक्षक वही मिटतात, पुन्हा उघडतात, पुन्हा मिटतात.)

चष्मेवाला: म्हणजे तीन महिने आपण उशिरा येणाऱ्यांचं कौतुक करत होतो.

निरीक्षक: तू गप्प बस.

चष्मेवाला: आणि गं, नऊ?

सून: नऊ कोरी आहे. नवी आणलेली. जो सगळ्यात आधी येतो तो तीच उचलतो.

चष्मेवाला: बघ! तू म्हणालास ना, नऊ नंबर शिस्तीचा आहे? बरोबर होतं तुझं!

निरीक्षक: हसू नकोस रे. आत्ता पाऊण तासाने मी त्या टेबलाशी उभा राहून सांगणार होतो, की तुम्हाला खेळाडू ओळखता येत नाही. आणि मी स्वतः... मी एका बंडीवर तीन महिने लिहिलंय. अख्खी वही भरलीय. हे त्यांना कधी ना कधी कळलंच असतं. मग काय, ‘दिलीत समर्थकांना खुर्ची? बघा आता!’ पुढची बावीस वर्षं कुणी दारात उभं केलं नसतं.

सून: म्हणून तर आत्ता सांगितलं, बाबा. तुम्ही एवढे खुशीत होतात. मला आधी वाटलं, गप्प राहावं.

निरीक्षक: नाही, बरं केलंस. मी फोन करतो. सांगतो, अंगात कणकण आहे.

चष्मेवाला: काही कणकण नाही तुला. आणि इन्स्पेक्टर, एक गोष्ट सांगायची राहिलीय. आधी वचन दे, उठून मारणार नाहीस.

निरीक्षक: अजून काय?

चष्मेवाला: आपल्या खाली दोन ओळी सोडून तो तरुण बसतो ना? मांडीवर तो टॅब घेऊन? संघाचा मूल्यमापनवाला, खेळाडूंना गुण देणारा. त्याला लांबचं नीट दिसत नाही. माझंच गिऱ्हाईक आहे, सहा महिने सांगतोय, बाबा रे, चष्मा बदल. ऐकत नाही.

निरीक्षक: बरं, मग?

चष्मेवाला: मग तो मान वळवून मला विचारतो. ‘काका, मघाचा पास कुणाचा? काका, तो टॅकल कुणी केला?’ मी दुर्बिणीतून बघून सांगतो. ‘सात. अकरा. नऊ.’ तो टिपून घेतो.

सून: म्हणजे बैठकीत जे गुण मांडणार आहेत...

चष्मेवाला: ते माझे आहेत. म्हणजे बंड्यांचेच, पण माझ्या तोंडून.

निरीक्षक: अरे देवा! म्हणजे मी चौदासाठी भांडणार, ते नऊसाठी भांडणार, आणि दोन्ही बंड्या तिकडे दोरीवर वाळत असणार!

सून: बाबा, आता तुम्ही पण हसताय.

निरीक्षक: हसू नको तर काय करू? पण थांब. हे हसण्यावारी न्यायचं नाही. आज सतरा जणांना घरी पाठवणार आहेत. कुणाच्या तरी गुणांवर दुसऱ्याच कुणाला. जुन्या प्रशिक्षकाचा मदतनीस सराव घेतो, तो तरी ओळखतो ना त्यांना?

सून: तो नावानिशी ओळखतो सगळ्यांना. पण त्याला बैठकीला बोलवत नाहीत. मावशींना सांगत होता, ‘आम्हाला कोण विचारतं? वर आकडे गेलेत.’

निरीक्षक: असं आहे तर. तुला कोण चांगला वाटतो त्यांच्यातला?

सून: मला?

निरीक्षक: रोज बसतेस म्हणालीस ना?

सून: मला तुमच्यासारखं समजत नाही, बाबा. पण एक आहे. जरासा वाकून चालतो, कान मोठे. तो पळतो साधाच. गोलही फारसे मारत नाही.

चष्मेवाला: मग त्याचं काय लोणचं घालायचंय?

सून: तो बोलतो, काका. सारखा बोलत असतो. ‘मागे माणूस आहे.’ ‘डावीकडे सरक.’ ‘सोड, माझा.’ ज्याच्याकडे चेंडू यायचाय त्याला तो यायच्या आधीच सांगतो. मग ते दुसरे चमकतात. वरच्या गॅलरीत तुम्हाला ऐकू येत नसणार. मावशी आणि मी त्याला हाक्या म्हणतो.

निरीक्षक: एवढ्यावरून?

सून: एवढ्यावरून नाही. गेल्या बुधवारी त्याची दाढ काढली होती. तोंडात कापसाचा बोळा, शब्द फुटेना. तरी आला खेळायला. त्या दिवशी पिवळ्या बाजूची नुसती दाणादाण. एकमेकांच्या अंगावर आपटत होते. सहा गोल खाल्ले. दुसऱ्या दिवशी बोळा निघाला आणि तेच सगळे जिंकले.

निरीक्षक: बुधवार... थांब, वहीत आहे. बुधवार, पिवळ्यांवर सहा गोल. खरंच. इथे मी कारणही लिहिलंय.

चष्मेवाला: काय लिहिलंयस?

निरीक्षक: ‘चौदा आज उदास.’

चष्मेवाला: हळू, हळू! पोर उठेल. मला माझंच हसू आवरत नाहीये.

सून: उठली तर उठू दे, काका. बाबा, तुम्ही जाणार ना?

निरीक्षक: जाणार. नोकरीत असताना खोटा निघालेला काटा मी कधी टेबलाखाली लपवला नाही, आणि हा तर माझा स्वतःचा आहे. आधी तोच त्यांच्यापुढे ठेवतो. ‘मी तीन महिने एक बंडी मोजली, तुमच्या माणसानेही बंड्याच मोजल्या. आज कुणालाही घरी पाठवू नका. सोमवारी नवा प्रशिक्षक येईल, त्याला नावानिशी बघू द्या.’ दोन मिनिटांत होईल एवढं.

चष्मेवाला: आणि ‘व्यवस्थापनाला खेळाडू ओळखता येत नाही’? ते काढतोस?

निरीक्षक: कशाला? खरंच आहे ते. फक्त त्याच्यापुढे ‘आम्हालाही’ घालतो. आणि तो डावा बचावपटू विकला ते माफ केलेलं नाही!

चष्मेवाला: वा! आता मला ते पाणी प्यायची जागा बदलावी लागेल.

निरीक्षक: राहिली आठ मिनिटं. ती हिची.

सून: माझी? नाही हं, बाबा. हा बघा माझा अवतार. खांद्यावर दुधाचे डाग, पायात घरातल्या चपला. आणि तिथे सगळे कोट घालून बसलेले.

निरीक्षक: मी इस्त्रीच्या शर्टात खोटं माप घेऊन निघालो होतो. तुझे डाग चालतील.

सून: पण खुर्ची तुम्हाला दिलीय. बावीस वर्षं तुम्ही अर्ज केलेत.

निरीक्षक: अर्जात ‘समर्थक’ लिहिलंय. कुणाचा सासरा असावा असं लिहिलेलं नाही. तू हाक्याचं सांग, त्या बुधवारचं सांग, दोरीचं सांग. जसं आत्ता सांगितलंस तसंच. मला ऐकून जेवढं पटलं, तेवढं त्यांना पटलं तरी पुष्कळ झालं.

सून: आणि मध्येच ही रडली तर?

चष्मेवाला: मी येतो ना! बाहेर गाडी हलवत उभा राहीन. चार नातवंडं आहेत मला. आणि त्या मूल्यमापनवाल्याला बाहेर गाठून त्याचे डोळेही तपासायचेत. थांबा, दुकानाला पाटी लावतो. ‘अर्ध्या तासात येतो.’

निरीक्षक: तासाभरात लिही. चर्चा होईल.

सून: बाबा, मला खरंच धडधडतंय.

निरीक्षक: मलाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. एक विचारू?

सून: विचारा ना.

निरीक्षक: रोज दुपारी गाडी घेऊन निघायचीस, तेव्हा मी खिडकीतून बघायचो. मला वाटायचं, पोरीला झोपवायला जातेस.

सून: सुरुवातीला तेवढ्यासाठीच जायचे.

निरीक्षक: आणि मग?

सून: ती दहा मिनिटांत झोपायची, बाबा. सराव दोन तास चालतो.