उलटा टांगलेला कोट

मंगळवार, चौदा जानेवारी. उणे एकतीस, वारा उत्तरेचा, बोचरा — माझ्याच वहीतलं वाचतेय, नोरीन, ऐक तरी. बस. बिअर ठेव खाली, पळून नाही जात ती. तर मी रोज काय करायचे? कचेरीच्या दारात हातमोजा काढायचा, कोटावरचा पक्षाचा बिल्ला काढायचा, खिशात टाकायचा, मगच आत — सरकारी कचेरीत पक्षाची खूण नको, नियमच आहे ना. सतरा वर्षं लायसन्सच्या खिडकीवर बसलेय — समोरचा कुणाला मत देतो ते मी विचारलं नाही, माझं त्याला कळू दिलं नाही. पण दाराबाहेर? बाहेर मी नागरिक. संविधानानं बोलायची मोकळीक दिलीय ती काय फक्त बेकरीवाल्याला? त्या दिवशी बोटं बधिर, टाचणी वाकली ती वाकलीच, बिल्ला निघेना. मग काय केलं? कोट उलटा करून आपल्या कचेरीच्या मागच्या खोलीत टांगला, अस्तर बाहेर. तेव्हापासून रोज तसाच.

आणि हे सांगितलं कुणाला? एकीलाच. इथं, याच टेबलावर, बर्फावर दगड सरकवून, कर्लिंगचा सामना संपल्यावर — तुला. हसत हसत सांगितलं गं! दोन दिवसांनी साहेबांकडे फोटो, निनावी. कोट सुलटा, बिल्ला मधोमध. कोट काय स्वतःहून वळला? कचेरीतली वरची जागा हवी होती ना तुला — बोलली असतीस तर मी अर्जच केला नसता.

काय? आपल्या कचेरीतला तो वॉल्टर फ्रीसेन? त्याचं इथं काय! ते वेगळं. त्याच्या ट्रकवर पक्षाचा फलक होता, कचेरीच्या अंगणात, दिवसभर सगळ्यांना दिसायचा, मला विचारलं म्हणून मी सांगितलं — बरं, नव्हतं विचारलं. नव्हतं! मीच साहेबांना लिहून दिलं. पण खाली सही केली होती, नोरीन. माझं नाव होतं त्यावर. तो अजून रस्त्यात भेटला तर टोपी काढतो — का काढतो, देव जाणे.

जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला पाजायचं, ही रीत. वीस वर्षांत या क्लबात कुणी नाही म्हटलं नाही. मी म्हणतेय. ने ती परत. नको, बोलू नकोस, ने. मला आजचं लिहायचंय —

गुरुवार, सहा मार्च. उणे नऊ, ढगाळ. सामना सात-चार, हरलो. निकालपत्र दुपारी आलं : पाच दिवस निलंबन, बिनपगारी. वरची जागा नोरीनला. तिची बिअर परत पाठवली.