वीज नसलेलं बेट

अमेरिकेतल्या आयसेलिन गावात मिठाईच्या दुकानात रांगेत पुढे मराठी मंडळातले कर्णिक नवरा-बायको दिसले, तेव्हा अहिल्या हाक मारणारच होती. पण त्यांचं बोलणं कानावर पडलं आणि तिने तोंडातली हाक गिळली.

"चकली अर्धा किलो पुरे. बेटावर आपण दोघंच आहोत."

"दोन किलो घ्या."

"दोघांना?"

"मी नीलाला सांगितलं. फक्त तिलाच हं."

"अगं, मेन राज्याच्या किनाऱ्यापासून लांब समुद्रात. दुकान नाही, फोन नाही, माणूस नाही, म्हणून तर ते बेट शोधून काढलं मी."

"तिने तिच्या विहीणबाईंना विचारलं. आता नाही कसं म्हणणार?"

"म्हणजे सगळं मंडळ येतंय."

"सगळं कुठे? बोटीत मावतील तेवढेच. पोह्यांचं मी बघतेय, चहा संजयभावजींकडे दिलाय."

"संजय? अगं, त्याच्या कराओकेच्या मशीनपासून सुटका व्हावी म्हणून तर वीज नसलेलं बेट निवडलं."

"हळू बोला. अहिल्याच्या कानावर गेलं तर काय वाटेल तिला? नवरा आहे तिचा."

"कानावर जायला तिचे कान शिल्लक हवेत ना. ते जाऊ दे, मशीन घरीच राहणार, एवढं तरी नक्की."

"भावजी," मागून अहिल्या म्हणाली, "ते बॅटरीवर चालतं. आणि चकली तीन किलो घ्या, गाताना यांना भूक लागते."